कमोडखालची रिंग आणि खडवलीचं तळघर: काम घ्यायचं की सोडायचं?



प्लंबिंगचा व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्या मुलांकडून मला एक प्रश्न सारखा येतो. "सर, अमेरिकेच्या व्हिडिओत तळघरातलं बाथरूम बनवताना कमोडच्या खाली एक गोल रिंग बसवतात, फ्लॅंज म्हणतात तिला. ते काम आपल्याकडे चालेल का? त्यात पैसा आहे का?"

चालतं आणि पैसाही आहे. पण ती रिंग बसवायला एक तास लागतो. तिथे कमोड बसवावा की नाही हे ठरवायला अर्धा दिवस जातो. धंदा त्या अर्ध्या दिवसावर उभा राहतो. आमच्या बॅचमधल्या एका मुलाचं खडवलीतलं काम घेऊन सांगतो, म्हणजे नीट समजेल.

खडवली तुम्हाला माहीत असेलच. टिटवाळा सोडलं की पुढचं स्टेशन, मग वाशिंद. भातसा नदी जवळ, म्हणून पावसाळ्यात सहलीला गर्दी. अलीकडे मुंबई-डोंबिवलीच्या लोकांनी आसपास छोटे बंगले बांधलेत. शहरासारखी गटारलाइन अशा ठिकाणी नसते. संडासाची लाइन सेप्टिक टँकला जाते आणि टँकचं पाणी शोषखड्ड्यात. म्हणजे घराघरात प्लंबरची गरज, आणि चूक झाली तर सगळ्या गावात चर्चा.

हा मुलगा खडवलीचाच. आयटीआयचा एक वर्षाचा प्लंबर ट्रेड केलेला, कल्याणला एका कॉन्ट्रॅक्टरकडे दोन वर्षं हाताखाली काम, मग स्वतःचं सुरू केलं. त्याला एका बंगल्याचं बोलावणं आलं. जमीन नदीच्या बाजूला उतरती, त्यामुळे घराची एक खोली अर्धी जमिनीखाली. मालक, आपण त्यांना काका म्हणू, सांगत होते, "आई त्या खालच्या खोलीत राहते, उन्हाळ्यात गार असते. तिचे गुडघे गेलेत. रात्री संडासाला वर यायला लागतं. तिथेच एक कमोड बसवून दे बाळा, पैशाची काळजी करू नकोस."

पैशाची काळजी करू नकोस असं गिऱ्हाईक म्हणालं की नवीन माणूस टेप काढून मापं घ्यायला लागतो. यानेही घेतली असती. पण मला फोन केला. मी म्हटलं, "कमोडचं माप नंतर. आधी टाकीचं झाकण कुठे आहे ते बघ."

पाणी कुठून वर येतं

हे एकदा डोक्यात बसलं की आयुष्यभर विसरणार नाही. सेप्टिक टँक तुंबला, शोषखड्डा पावसाने भरला, तर मैलापाणी मागे फिरतं. ते त्या लाइनवरच्या सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर येतं. टाकीचं झाकण खाली आणि बाथरूमची फरशी वर असेल, तर घाण अंगणात येईल. वास येईल, मालक ओरडेल, पण घर वाचेल. फरशी खाली आणि झाकण वर असेल, तर अंगणात थेंबही न दिसता आधी घरातली नहाणी भरेल, मग कमोड.

तळघराची अडचण एवढीच आहे. अमेरिकेतही ती आहे. तिथे घराची मुख्य लाइन तळघराच्या फरशीच्याही खालून जात असेल तरच फरशी फोडून पाइप टाकतात आणि वर फ्लॅंज बसवतात. लाइन वरून जात असेल तर खड्डा करून त्यात पंप टाकतात. व्हिडिओत आपल्याला शेवटची वीस मिनिटं दिसतात. लाइन किती खोल आहे हे त्यांनी आधीच बघितलेलं असतं.

लेव्हल बघायला महागडं यंत्र लागत नाही. दहा-पंधरा मीटरची पारदर्शक नळी घ्या आणि पाणी भरा. आत बुडबुडा राहू देऊ नका, राहिला तर माप खोटं येतं. एक टोक टाकीच्या झाकणाशी, दुसरं खोलीत. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं. तिथे पेन्सिलीची खूण करा आणि टेपने मोजा. गवंडी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत.

त्या बंगल्यात काय निघालं बघा. झाकण जमिनीपासून ४ इंच वर. खोलीची फरशी जमिनीपासून २ फूट खाली. म्हणजे फरशी झाकणापेक्षा २८ इंच खाली. टाकीत पाइप शिरतो ते तोंड झाकणापासून १२ इंचांवर, आणि बाहेर जाणारं तोंड त्याहून २ इंच खाली. टाकीतलं पाणी नेहमी बाहेर जाणाऱ्या तोंडाच्या पातळीला उभं असतं. म्हणजे पाणी झाकणापासून १४ इंच खाली, आणि आजींच्या खोलीची फरशी त्या पाण्याच्याही १४ इंच खाली!

यात पावसाळ्याचा संबंधच आला नाही. मे महिन्यात जोडलं असतं तरी पहिल्याच दिवशी टाकी खोलीत रिकामी झाली असती. काकांच्या आधीच्या मिस्त्रीने उपाय सुचवला होता, "टाकीच्या भिंतीला खाली भोक पाडू आणि तिथे पाइप जोडू." ऐकायला सोपं वाटतं ना? भोक कुठेही पाडा, पाणी आपली पातळी सोडत नाही.

त्यात उताराचा हिशेब वेगळा. कमोडच्या चार इंची म्हणजे ११० मिलिमीटरच्या लाइनला ४० फुटांत १ फूट उतार चांगला, अगदीच जागा नसेल तर ६० फुटांत १ फूट. तिथे टाकी ४० फुटांवर होती. फरशीखाली पाइपला ६ इंच आणि उताराचा १ फूट धरला तर लाइन टाकीपाशी झाकणाच्या ४६ इंच खाली पोचली असती, आणि टाकीचं तोंड आहे १२ इंचांवर.

आणि खडवली आहे हे विसरू नका. भातसा धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांना सावध राहायला सांगतात. ४ ऑगस्ट २०१९ ला खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावातून हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने लोकांना छपरांवरून उचललं होतं. अशा भागात जमिनीतलं पाणी वर आलं की शोषखड्डा शोषायचं बंद करतो. मग मालक पहिला फोन कोणाला करेल? टाकी बांधणाऱ्याला नाही, कमोड बसवणाऱ्याला.

मग पर्याय काय होते

मुलाने काकांसमोर चार पर्याय ठेवले. ही सवय लावून घ्या, एकच पर्याय घेऊन गिऱ्हाइकासमोर जाऊ नका.

पहिला, लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. मागून येणारं पाणी तो अडवतो. पण तो बंद असेपर्यंत घरातलंही बाहेर जात नाही, आणि झडपेत कचरा अडकला की ती अर्धवट उघडी राहते. दर काही महिन्यांनी उघडून साफ करायला लागतो. इथे तर पाणी कायमच वर होतं, म्हणजे झडप उघडलीच नसती. बाद.

दुसरा, बंद खड्डा आणि त्यात मैलापाण्याचा पंप, तिथून वरच्या चेंबरमध्ये. हे चालतं. खड्ड्याला घट्ट झाकण हवं, हवेचा पाइप छतापर्यंत न्यायला हवा, पातळी वाढली की वाजणारा अलार्म हवा. आणि वीज हवी. ज्या रात्री पाऊस पडतो त्याच रात्री वीज जाते, मग इन्व्हर्टरही आला.

तिसरा, कमोडच्या मागे बसणारं दळून ढकलणारं मशीन. त्यालाही वीज लागते, आणि बहुतेक वेळा कमोड पी-ट्रॅप लागतो, म्हणजे मागे आडवं तोंड असलेला. तिथे जमिनीतली फ्लॅंज लागतच नाही. आत कापड किंवा सॅनिटरी पॅड गेलं की मशीन अडकतं.

चौथा, संडास वर घ्यायचा.

काका आधी नाराज झाले. मग मुलाने विचारलं, "काका, आजी दिवसातून किती वेळा वर येतात?" जेवायला, देवाला, अंगणात बसायला, चार वेळा तरी. म्हणजे गुडघे संडासामुळे एकदा आणि बाकीच्या कामांना चारदा दुखत होते. आजींचा पलंगच वर आणला तर? ओसरीच्या कडेला एक खोली सामानाने भरलेली होती. आजी स्वतः म्हणाल्या, "मला कुठं त्या खड्ड्यात आवडतं, ह्यानेच ठेवलंय."

ओसरीचं जोतं जमिनीपासून २ फूट वर, म्हणजे फरशी झाकणापेक्षा २० इंच वर. टाकी ३० फुटांवर, उताराला ९ इंच पुरेसे. हाताशी होते २६ इंच. काम पक्कं.

हे प्लंबिंगचं कौशल्य नाही म्हणाल, पण गिऱ्हाईक याचेच पैसे आनंदाने देतं. मुलाने कमोडशेजारी भिंतीला धरायचे दोन स्टीलचे दांडेही सुचवले आणि तेही काम त्यालाच मिळालं.

आता रिंग बसवू

आपल्याकडे बऱ्याच कमोडना फ्लॅंज लागतच नाही. कमोडचं खालचं तोंड रबरी पॅन कनेक्टरमधून सरळ पाइपात जातं. पण हल्ली वन-पीस कमोडचं चलन वाढलंय आणि त्यातल्या बऱ्याच मॉडेलना खाली रिंग आणि गास्केट लागतं. म्हणून कमोडचा बॉक्स साइटवर आल्याशिवाय आणि त्यातला मापाचा कागद वाचल्याशिवाय पाइप गाडायचा नाही. हा नियम मोडून आमच्या किती मुलांनी फरशी पुन्हा फोडली, मोजलेलं नाही.

एस-ट्रॅप कमोडमध्ये भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण ९ किंवा १२ इंच असतं. हे अंतर टाइल लागलेल्या भिंतीपासून मोजायचं. तुम्ही कच्च्या विटेपासून १२ इंच मोजलं आणि नंतर प्लास्टर, मसाला आणि टाइल मिळून सवा इंच आलं, तर उरले पावणेअकरा. कमोडची टाकी भिंतीत घुसेल. कच्च्या भिंतीपासून सव्वातेरा धरा.

पाइप घेताना मैलापाण्याचाच घ्या. एसडब्ल्यूआर पाइपवर आयएस १३५९२ छापलेलं असतं. त्यात टाइप ए हवेच्या आणि पावसाच्या पाण्यासाठी, टाइप बी मैलापाण्यासाठी. दुकानदार पातळ पाइप स्वस्तात देतो, छापलेलं वाचूनच घ्या.

पाइपचं तोंड फरशीच्या वर अर्धा फूट ठेवून टोपण लावा. टोपण नसेल तर टाइलवाला त्यात मसाला पाडणारच. टाइल लागून सुकल्यावर पाइप फरशीला सपाट कापा आणि कडा घासून गुळगुळीत करा. मग रिंग कोरडी ठेवून बघा. बोल्टच्या दोन खाचा कमोडच्या डाव्या-उजव्या बाजूला, भिंतीशी समांतर यायला हव्यात. सोल्युशन लावल्यावर रिंग फिरवायला काही सेकंदच मिळतात, म्हणून आधीच खूण करा. रबर रिंगचा जोड असेल तर सोल्युशन अजिबात नाही, तिथे लुब्रिकंट.

रिंग टाइलच्या वर बसली पाहिजे. बहुतेक गळतीचं मूळ इथे असतं. पाइप आधी टाकला, रिंगही आधी चिकटवली आणि मग टाइल आली, तर रिंग खड्ड्यात राहते. कमोड टाइलवर टेकतो, गास्केट दाबलंच जात नाही. वरून सगळं छान दिसतं आणि आत हळूहळू पाझरत राहतं. रिंगची वरची कड टाइलपासून साधारण पाव इंच वर असावी. खाली राहिली असेल तर वर जोडायची जास्तीची रिंग मिळते, ती वापरा. रिंग फरशीला फिशर आणि स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने पक्की करा. साधे लोखंडी स्क्रू बाथरूममध्ये गंजतात. वरच्या मजल्यावर काम असेल तर भोकात आधी सिलिकॉन भरा, नाहीतर वॉटरप्रूफिंगला तुम्हीच भोक पाडलंत.

गास्केट मेणाचं असेल तर ते एकदाच वापरायचं. कमोड ठेवला, वाकडा वाटला, उचलला, की ते मेण फेकून नवीन. "जरा दाबून चालवून घेऊ" म्हणायचं नाही. रबराचं असेल तर उचलून परत ठेवता येतं, नवशिक्याने तेच घ्यावं असं माझं मत. कमोड दोघांनी उचलायचा आणि सरळ खाली ठेवायचा, सरकवायचा नाही. बसून वजन द्या, लेव्हल पट्टी ठेवा, डुलत असेल तर प्लास्टिकच्या पाचरी घाला. मग नट थोडा डावा, थोडा उजवा असं आळीपाळीने. जोर लावला की चिनी माती तडकते आणि कमोडचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

आता व्हाइट सिमेंट. आपल्याकडचे जुने कारागीर कमोड व्हाइट सिमेंटने फरशीला चिकटवतात. इंडियन पॅन फरशीत गाडायचा असायचा, तिथली ती सवय आहे. पण सिमेंट कडक, कमोडवर रोज माणूस बसतो-उठतो, मग सिमेंटला बारीक चीर जाते. आणि पुढे दुरुस्तीला काढताना छिन्नी मारावी लागते, कमोड फुटतो. कडेला सिलिकॉन लावा आणि मागच्या बाजूला दोन बोटं जागा मोकळी सोडा. आत गळती झाली तर पाणी तिथून बाहेर येऊन दिसेल.

टेस्टिंग घरातल्या निळेने होतं. फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाका, कमोडच्या भोवती कोरडं वर्तमानपत्र पसरा आणि दहा वेळा फ्लश करा. कागदावर निळा डाग म्हणजे जोड गळतोय. साधा ओला डाग असेल तर बाहेरची ओल किंवा नळाचा जोड तपासा. वास येत असेल तर लगेच रिंगला दोष देऊ नका. वापरात नसलेली नहाणी सुकलेली असते, किंवा हवेचा पाइपच नसतो आणि फ्लशबरोबर ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं. कमोडमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी अडून राहायला हवं, तेच वासाला अडवतं.

पैशाचं बोलू

समजा कमोड बसवायचे तुम्ही १,५०० रुपये घेतले. आठ दिवसांनी गळतीचा फोन आला. जाणं-येणं, अर्धा दिवस, नवीन गास्केट, सिलिकॉन आणि त्या दिवशी सुटलेलं दुसरं काम, मिळून हजार रुपये सहज जातात. दुसऱ्यांदा जावं लागलं तर तुम्ही पदरचे पैसे घालून काम केलं. म्हणून लेव्हल बघण्याची वेगळी फी घ्या, समजा ३०० रुपये, आणि काम मिळालं तर बिलात वजा करा. "बघायचे कसले पैसे?" असं म्हणणारे भेटतील. त्यांना नळीवरची खूण दाखवा.

फरशीखालचं काम झाकण्याआधी टेप ठेवून फोटो काढा: पाइपचा उतार, टाकीचं तोंड, रिंगची उंची. जोडाची गॅरंटी द्या, तुंबण्याची देऊ नका. बिलावर तसं लिहा.

जीएसटीची भीती सुरुवातीला बाळगू नका, फक्त सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटला नमस्कार करा. पीएम विश्वकर्माबद्दल बरेच जण विचारतात. त्या १८ व्यवसायांत गवंडी आहे, प्लंबर नाही.

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. "आत उतरून जरा बघ" असं कोणी टाकीबद्दल म्हणालं तर उतरू नका आणि हाताखालच्या मुलालाही उतरवू नका. सेप्टिक टँकमधला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाशिवाय टाकी साफ करायला माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उपसायला टँकरच बोलवा. त्याचा खर्च गिऱ्हाइकाचा, हे आधीच सांगून ठेवा.

काकांच्या बिलावर मुलाने शेवटी एक ओळ हाताने लिहिली: "फरशी टाकीच्या झाकणापेक्षा २० इंच वर. खालच्या खोलीत नळ, नहाणी, संडास काढू नये." काकांनी ते बिल मीटरच्या पेटीत चिकटवून ठेवलंय. पुढच्या पावसात शेजारच्या बंगल्यावाल्यांनी ते वाचलं आणि आपल्या टाकीचं झाकण कुठे आहे ते बघायला त्याला बोलावलं. ३०० रुपये आधी दिले.